अवटू ग्रंथीतील पाहुण्या पेशी

गळ्यात, श्वासनलिकेच्या पुढे, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी अवटू ग्रंथी असते. आयोडीन कमी पडले की हीच वाढून गलगंड होतो, हे आपण ऐकलेले आहे. तिच्यातील सूक्ष्म पुटकांच्या भिंती थायरॉक्सिन निर्माण करतात. परंतु श्रोतेहो, मला आज बोलावयाचे आहे ते या पुटकांच्या कडेला दडलेल्या, निराळ्याच जातीच्या पेशींविषयी.

१८७६ साली बेबर या इंग्रज संशोधकाने कुत्र्याच्या ग्रंथीत त्या पाहिल्या. त्यांचे कार्य मात्र पुढे जवळजवळ नव्वद वर्षे कोणास उमगले नाही. १९६२ साली कॅनडात हॅरल्ड कॉप यांनी रक्तातील कॅल्शियम उतरविणारे कॅल्सिटोनिन शोधले. ते शेजारच्या परावटू ग्रंथींतून येते, असा त्यांचा समज झाला होता. दोनच वर्षांनी लंडनमध्ये शेळीवर झालेल्या प्रयोगांनी त्याचे माहेर अवटू ग्रंथीत असल्याचे ठरविले, आणि पुढे पिअर्स यांनी या पेशींना ‘सी’ पेशी हे नाव दिले.

माणसात या पेशी ग्रंथीभर सारख्या पसरलेल्या नसतात. दोन्ही खंडांच्या वरच्या व मधल्या भागांच्या सांध्याशी त्यांची दाटी असते; मधल्या पट्टीत त्या जवळजवळ नसतातच. असे का? गर्भाच्या गळ्यात, माशाच्या कल्ल्यांची आठवण करून देणारे कोष्ठ असतात. त्यांतील शेवटच्या जोडीपासून एक इवलासा पिंड बनतो. मासे व पक्षी यांच्यात तो जन्मभर स्वतंत्र ग्रंथी म्हणून राहतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत तो अवटू ग्रंथीत विरून जातो. जेथे तो शिरला, तेथेच त्याच्या पेशींनी बिऱ्हाड केले.

पण त्या पिंडात तरी त्या आल्या कोठून? निकोल ल दुआरँ यांनी लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात रोवून दाखविले, की त्या चेतासंस्थेच्या गर्भस्थ कडेतून स्थलांतर करून येतात. पाठ्यपुस्तकांनी हा निष्कर्ष सस्तन प्राण्यांनाही खुशाल लावून टाकला! २०१५ साली उंदरांच्या गर्भावरील संशोधनाने तो फिरविला. सस्तन प्राण्यांत त्या घशाच्या आतल्या अस्तरातूनच उपजतात.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. याच पेशींपासून अवटू ग्रंथीचा एक कर्करोग उद्भवतो, आणि काही घराण्यांत ‘रेट’ या जनुकातील दोषामुळे तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. अशा घरातील मुलाच्या रक्तपरीक्षेत तो दोष आढळल्यास, रोग उद्भवण्यापूर्वीच, कित्येकदा बालपणीच, संपूर्ण ग्रंथी काढून टाकतात. मग त्या मुलाला थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. कॅल्सिटोनिन मात्र बाहेरून द्यावे लागत नाही.