अनुदान कशासाठी मागावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला अनुदानाविषयी चार शब्द बोलायला सांगितले. मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. भाषण करण्याची मला सवय नाही. पण गेली सहा वर्षे मंडळाची कीर्द माझ्याकडे आहे. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, एवढे मी सांगू शकते. तेवढेच सांगणार आहे. थोडे आकडे येतील, कंटाळू नका.

आधी आपल्या पाळणाघराची गोष्ट. मोऱ्याच्या बायकांना हे समजावून सांगायला नको, पण आज बाहेरच्याही ताई आल्या आहेत म्हणून सांगते. आपल्यातल्या कितीतरी जणी पहिल्या लाँचने भाऊच्या धक्क्याला जातात, तिथे मासळी घेतात आणि परत येऊन उरणच्या बाजारात पाटी मांडून बसतात. अंगणवाडी उघडते तेव्हा त्यांचा अर्धा दिवस होऊन गेलेला असतो. शिवाय तीन वर्षांच्या आतले पोर अंगणवाडीत दिवसभर कोण ठेवून घेणार? आणि परत येण्याची वेळही आपल्या हातात नाही. ओहोटीला बंदरात गाळ उघडा पडतो, लाँच धक्क्याला लागत नाही. आई तिकडे अडकलेली आणि इकडे पोर भुकेने रडते, असे व्हायचे. म्हणून आपण पाळणाघर सुरू केले.

त्याचा महिन्याचा हिशेब असा आहे. सांभाळणाऱ्या दोन बायका, प्रत्येकीला ३,००० रुपये, म्हणजे ६,०००. दूध, पेज, साबण, फिनेल, औषधपाणी मिळून १,५००. एकूण ७,५०० रुपये. मुले चौदा. प्रत्येक आई ३०० रुपये देते, ते झाले ४,२००. मंडळाच्या बेचाळीस सभासदांची वर्गणी पन्नास रुपयांप्रमाणे २,१००. जमा ६,३००. म्हणजे चांगल्या महिन्यातही १,२०० रुपये कमी पडतात.

आता जून आणि जुलै पाहा. समुद्रात जायला बंदी असते, घरात पैसा येत नाही. त्या दोन महिन्यांत आपण आयांकडून पैसे घेत नाही. तसा ठराव आपणच केला आहे आणि तो योग्यच आहे. तेव्हा तूट महिन्याला ५,४०० होते. कोणी म्हणेल, मग ते दोन महिने पाळणाघर बंद ठेवा. पण सुकी मासळी घेऊन बायका बाजारात बसतातच. आणि सांभाळणाऱ्या दोघींना दोन महिने घरी बसवले तर त्या दुसरीकडे भांडी-धुणे धरतील, पुन्हा येतील कशाला? वर्षाची सगळी तूट २२,८०० रुपये होते. आजवर ती हळदीकुंकवाच्या वेळच्या विक्रीतून, पापड-लोणच्यातून, कधी एखादीच्या मनाच्या मोठेपणातून भरून निघाली. या वर्षी निघालेली नाही. दोघींचे दोन महिन्यांचे पैसे आपण देणे आहोत. त्यांतली एक बाई साठीच्या पुढची आहे. ती तोंडाने काही बोलत नाही, म्हणून ते देणे मला जास्तच जड वाटते.

आता दुसरी गोष्ट, आपल्या कपाटाशेजारच्या पाच शिवणमशिनींची. एका कंपनीने त्या दिल्या. तिचे नाव घेण्याचे कारण नाही, माणसे चांगली होती. फीत कापली, फोटो झाला, पेढे वाटले. शिवण शिकवणारीचे तीन महिन्यांचे मानधनही त्यांनी दिले. तीन महिने वर्ग छान भरला. चौथ्या महिन्यापासून शिकवणारी येईना. ती तरी का येईल? उरणच्या बाजारात तयार कपडे इतके स्वस्त मिळतात की नुसत्या शिवणावर पोट भरणे कठीण. आज दोन मशिनी चालतात, त्यावर ब्लाऊज आणि साडीचे फॉल होतात. तिघींवर जुन्या साड्यांची झाकणे आहेत. दर दिवाळीला मी त्यांना तेल घालते.

यात देणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनाही त्यांच्या साहेबांना काही दाखवावे लागते. मशीन दाखवता येते, तिच्यावर नाव रंगवता येते. रडणारे पोर गप्प झाले, ते कशावर रंगवणार? नाव लावण्याची हौस फार जुनी आहे आणि ती वाईटच असते असेही नाही. कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. आपल्या मुली आज एस.एन.डी.टी. म्हणतात ते तेच. एका आईच्या नावाने हजारो मुली शिकल्या, यात वाईट काय आहे?

पण त्या लाखांच्या आधी हिंगण्याच्या आश्रमाला रोजचे धान्य कोणी पुरवले? पार्वतीबाई आठवले यांच्याविषयी माझ्या मुलीने मला वाचून दाखवले. त्या आपल्या कोकणातल्याच, देवरुखच्या. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या त्या बहीण. लहान वयात वैधव्य आले, शिक्षण त्यानंतरचे. त्या आश्रमासाठी गावोगाव हिंडल्या, व्याख्याने दिली आणि वर्गणी गोळा केली. १९१८ साली अमेरिकेला गेल्या, तिथे पोटासाठी लोकांच्या घरची कामे केली. पुढे त्यांनी स्वतःची कहाणीही लिहून ठेवली. धान्य, तेल आणि शिकवणाऱ्यांचे पोट यांसाठी मागणे हे अशा बाईने केले, तेव्हा त्यात आपल्याला लाज कशाची?

लाज हा शब्द मी मुद्दाम घेतला. मागच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "धर्माची गाय अन् दात का नाय? मिळते ते मुकाट्याने घ्यावे." काकूंचा मान राखून सांगते, ही गाय पुरती धर्माची नाही. २०१३ चा कंपनी कायदा आहे, त्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. मोठ्या कंपन्यांनी, उदाहरणार्थ ज्यांचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा त्याहून जास्त आहे त्यांनी, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची आहे आणि आपल्या आसपासच्या भागाला आधी पाहायचे आहे. आसपासचा भाग म्हणजे आपणच. उरण तालुक्यात तेलाचे, वायूचे कारखाने आहेत, १९८९ पासून मोठे बंदर आहे, कंटेनरांची गोदामे तर मोजता येत नाहीत. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कोणती कामे बसतात ते दिले आहे. सातवे म्हटल्यावर मला धीर आला, माझी इयत्ताही सातवीच! त्यात शिक्षण आहे, भूक आणि कुपोषण दूर करणे आहे, आरोग्य आहे, स्त्रियांना सबळ करणे आहे. फक्त वस्तूच द्या असे कुठेही लिहिलेले नाही. उलट, काम चालू राहणारे असेल तर सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत ते एकच काम म्हणून धरता येते. हे आपल्याला सल्ला देणाऱ्या हिशेब-तपासनिसांनी मला नियम काढून दाखवले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलून ठेवते, कारण आपल्या घराघरांतून तिची गल्लत होते. भरपाई वेगळी आणि अनुदान वेगळे. बंदराच्या कामाने मासेमारी बुडाली म्हणून आपल्या भागातल्या पारंपरिक मच्छीमारांनी दाद मागितली आणि २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा निकाल दिला होता. तो हक्काचा विषय आहे, तो ज्या त्या कुटुंबाने आणि संस्थेने लढवायचा. कोणी पाळणाघराला पैसे दिले म्हणून त्या हक्कावर पाणी सोडल्याची सही आपल्या मंडळाने करू नये. तसा कागद पुढे आला तर तो मी घरी आणून चार जणींना वाचून दाखवीन, मगच पुढचे बोलणे.

तरुण मुली विचारतील, मागायचेच कशाला, लिज्जतसारखे स्वतःच्या पायावर उभे राहा ना! त्यांचे म्हणणे मला पटते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटायला घेतले. छगनलाल पारेखांनी ते पैसे दिले होते आणि बायकांनी ते फेडले. दान म्हणून कोणाचे काही घ्यायचे नाही, हा त्यांचा नियम. आपल्याला भूषण वाटावे अशीच ती गोष्ट आहे. पण पापड बाजारात विकला जातो. त्याची किंमत गिऱ्हाईक देते. पोर सांभाळण्याची खरी किंमत मासळीवाली आई देऊ शकत नाही. तिने दिली तर तिच्या पाटीत काही उरतच नाही. ज्या कामाची किंमत ते घेणाराला झेपत नाही, त्यासाठीच अनुदान असते. पापडाला आपण ते मागत नाही, आणि मागणारही नाही.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते अगदी आपल्यासारखे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला समुद्राकाठी काम सुरू केले. गरिबाघरची मुले बालवाडीत येत ना, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. ना इमारत, ना खुर्च्या. लागली ती पोरांत मांडी घालून बसणारी बाई. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने बालविकास योजना सुरू केली तेव्हा हे नाव देशभर गेले. पण त्या बाईला जे देतात त्याला अजूनही पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मला या शब्दाचा राग आहे. मान आणि धन दोन्ही त्यात आहेत, पण दोन्ही थोडेथोडेच. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, तेव्हा कुठे ते काम आहे हे कागदावर आले. आपल्या मंडळाच्या कीर्दीत मी या वर्षापासून दोघींच्या नावापुढे 'पगार' असे लिहायला सुरुवात केली आहे. कोणाची हरकत असेल तर बैठकीत सांगावी.

आता कागदपत्रांचे. १८६० च्या कायद्याखाली आपली नोंदणी आहे, १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही आहे. प्राप्तिकराचे बारा-अ आणि ऐंशी-जी ही दोन्ही प्रमाणपत्रे आली. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांचा हा पैसा घ्यायचा तर सरकारकडे सीएसआर-१ नावाचा अर्ज भरून नंबर घ्यावा लागतो, तोही घेतला. तीन वर्षांचे तपासलेले हिशेब तयार आहेत. पैसा मिळाला की तो ज्या कामासाठी मागितला त्यावरच खर्चायचा, प्रत्येक पावती चिकटवायची आणि शेवटी विनियोगाचा दाखला द्यायचा. हे लिहिण्याचे काम कंटाळवाणे आहे. रात्री जेवणे उरकल्यावर मी ते करते. आमच्या घरी सुरुवातीला म्हणत, बायकांच्या मंडळाची कसली ती कीर्द! आता घरखर्चाची वहीसुद्धा माझ्याच हाताने लिहून घेतात. एक विनंती मात्र आहे. दूधवाल्याची, वाण्याची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. साध्या चिठ्ठीवर सही-शिक्का चालेल, पण "नंतर देतो" चालणार नाही.

गेल्या महिन्यात मी आणि चिटणीसबाई एका कचेरीत जाऊन आलो. तिथले साहेब म्हणाले, आणखी दहा मशिनी देऊ, किंवा हॉलसाठी खुर्च्या देऊ, पगाराला पैसे देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. आम्ही पाळणाघराचा हिशेब पुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, हे सांगितले पाहिजे. मग म्हणाले, लेखी द्या, वर पाठवतो. बाहेर आल्यावर बरोबरची मासळीवाली वहिनी काय म्हणाली ते तुम्हांला तिच्याच शब्दांत सांगते: "बाय, धा मशिनी माजा पोर सांबाळतील काय?"

तेव्हा माझी सूचना अशी. आपण मशिनी मागू नयेत, खुर्च्याही मागू नयेत. तीन वर्षांसाठी दोघींचा पगार, जून-जुलैची तूट, आणि पोरांच्या दुधाचे पैसे, एवढेच मागावे. नाव लावायचे असेल तर पाळणाघराच्या दारावर पाटी लावू, त्याला आपली ना नाही. तीन वर्षांनंतर काय, हे ते विचारतील. तोवर वर्गणी पन्नासची पंचाहत्तर करता येते का, आणि पडून असलेल्या तीन मशिनी गरजू मुलींना भाड्याने देता येतात का, हे आपण आजच ठरवू शकतो. वर्गणी पंचाहत्तर झाली तर महिन्याला १,०५० रुपये वाढतात आणि चांगल्या महिन्याची तूट दीडशेवर येते. हे मी कीर्दीच्या मागच्या पानावर मांडून पाहिले आहे. नकार आला तर दुसऱ्या दारी जाऊ, तालुक्यात दारे पुष्कळ आहेत.

अर्जाचा मसुदा त्या टेबलावर ठेवला आहे. शुद्धलेखन मुलीने तपासले, आकडे माझे आहेत. ज्यांची मुले पाळणाघरात आहेत त्या आयांच्या सह्या आधी हव्यात; सही येत नसेल तिने अंगठा द्यावा, शेजारी नाव मी लिहीन. पाचच्या लाँचने ज्यांना जायचे आहे त्यांनी आधी या, आज ओहोटी लवकर आहे.