पेल्यातला बर्फ आणि जमिनीवरचा बर्फ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त कोलकात्यात दिलेले भाषण)



मघाशी भोजनाच्या वेळी माझ्यासमोर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला होता व त्यात बर्फाचे दोन खडे तरंगत होते. गप्पांच्या ओघात बर्फ विरघळून गेला, पण थेंबभरही पाणी सांडले नाही. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो; वितळल्यावर तो तेवढीच जागा व्यापतो. आर्किमिडीजचा हा नियम आपण शाळेत घोकला, परंतु उत्तर ध्रुवावरील बर्फ वितळत असल्याचे वर्तमानपत्रात वाचले की तो नेमका विसरतो. तेथे जमीन नाही. बर्फ समुद्रावरच तरंगतो. तो सारा वितळला तरी पातळी जवळजवळ वाढणार नाही. (बर्फ गोडा आणि समुद्र खारा, म्हणून ‘जवळजवळ’.)

आता त्याच भरल्या पेल्यावर गाळणी धरून तिच्यात बर्फ ठेवा, टेबल भिजेल. ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील बर्फ असा जमिनीवर साचलेला आहे. ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळला तर जगातील समुद्र सुमारे सात मीटर चढेल. हे शतकानुशतकांचे काम आहे, उद्याचे नव्हे. तथापि २००२ पासून ग्रीनलंडने दरवर्षी सरासरी सुमारे २७,००० कोटी टन बर्फ गमावला आहे, आणि ३६,००० कोटी टन बर्फ म्हणजे जगभर एक मिलिमीटर पाणी. शिवाय समुद्र तापतो आणि तापलेले पाणी प्रसरण पावते. या सर्वांमुळे १९०१ ते २०१८ या काळात पातळी सुमारे वीस सेंटिमीटर वाढली.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट निराळीच आहे. एवढा प्रचंड हिमराशी आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे समुद्रजल स्वतःकडे ओढून धरतो. तो झिजला की ती ओढ सैल होते आणि पाणी दूर पसरते. म्हणजे ग्रीनलंडचा बर्फ वितळला की ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगतचा समुद्र उतरतो, आणि चढतो तो दूरदेशीच्या किनाऱ्यांवर! ज्यांनी हिमनदी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, त्यांच्या दारी तिचे पाणी येते.

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटी मोजली जाते. तेथील दीर्घकालीन वाढ वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी आहे. आपल्या हुगळीवरील डायमंड हार्बरला मात्र ती तिच्या कितीतरी पट भरते, कारण येथे समुद्र चढतो आणि त्रिभुज प्रदेशातील गाळाची भूमी खचतेही. तेव्हा सारा दोष बर्फाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. प्रवाहाची धूप आहे, वादळे आहेत.

संक्रांतीला गंगासागरास जाताना आपल्यापैकी पुष्कळांनी काकद्वीपहून बोट घेतली असेल. त्या परिसरातील घोडामारा बेटाने काही दशकांत निम्म्याहून अधिक भूमी गमावली. शेजारचे लोहाचरा हे वस्तीचे बेट तर विसावे शतक सरण्यापूर्वीच पाण्याने घेतले. तेथून उठलेली कित्येक कुटुंबे सागर बेटावर येऊन राहिली. आपणही गाव सोडून आलो आहोत. पण मे महिन्याच्या सुटीत आपल्याला रेल्वेचे तिकीट काढता येते.