दुष्काळ मुदत पाहून येत नाही



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मनापासून मानतो आणि थेट पैशाकडे वळतो. आपल्याकडे शेतीच्या सभेत पैशाचा विषय निघाला की कर्जमाफी, अनुदान आणि हमीभाव एवढ्यावर बोलणे आटोपते. मी आज वेगळ्या पैशाबद्दल बोलणार आहे. हवामान बदलाच्या नावाने श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे निघालेला पैसा आणि त्यातले आपल्या संशोधन केंद्रांच्या पदरात काय पडते, हा माझा विषय आहे.

बंगळूरच्या राजाजीनगरात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. इथून जवळच यशवंतपूरचा मार्केट यार्ड आहे. नाशिक-अहिल्यानगरचा कांदा तिथे उतरतो. तिकडे काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की इथल्या गृहिणीला तो दरातून कळतो. आणि तुम्ही सकाळी जी रागीची, म्हणजे नाचणीची, अंबील पिता, तिच्यामागेही संशोधन आहे. याच राज्यात लक्ष्मणय्या नावाच्या संशोधकाने भारतीय नाचणीचा आफ्रिकी नाचणीशी संकर करून ‘इंडाफ’ वाण काढले. रागीवाले लक्ष्मणय्या म्हणूनच लोक त्यांना ओळखू लागले.

आता सोलापूर आणि विजापूरकडे जाऊ. माझे आयुष्य कोरडवाहूत गेले, त्यामुळे मी बागायतीविषयी जरा आकसाने बोलतो, हे आधीच सांगून ठेवतो.

१९२३ साली पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाचा अहवाल आला, त्यातून १९२९ मध्ये आजच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची पूर्वज संस्था जन्मली, आणि तिच्या पैशातून १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर इथे कोरडवाहूची केंद्रे उभी राहिली. पुढच्या दोन वर्षांत हगरी, रायचूर आणि रोहतक. तेव्हा सोलापूर आणि विजापूर दोन्ही मुंबई इलाख्यात होते. माती तीच काळी, पाऊस तोच बेभरवशाचा, भाकरीही तीच ज्वारीची. सीमा नंतर आली.

त्या केंद्रांत काय झाले? ना. वि. कानिटकर आणि त्यांचे सहकारी पाऊस मोजत बसले. पडलेल्या पावसापैकी किती जमिनीत मुरतो, किती वाहून जातो, जाताना किती माती नेतो, ओल किती खोल राहते. वर्षानुवर्षे हेच. ऐकायला कंटाळवाणे वाटते आणि होतेही तसेच. पण त्यातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ तयार झाली: बांधबंदिस्ती करा, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा, शेणखत घाला, पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या द्या, बियाणे कमी वापरा, दोन ओळींतले अंतर वाढवा, कोळपणी चुकवू नका. १९४४ साली कानिटकरांचे कोरडवाहू शेतीवरचे पुस्तक याच अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केले. ज्याला आज परिषदांमधून ‘हवामान अनुकूलन’ म्हणतात, ते यापेक्षा फार वेगळे नाही.

त्या पद्धतीचे कौतुक करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. एवढा खटाटोप करून उत्पादन वाढायचे १५ ते २० टक्के, आणि मूळ उत्पादनच हेक्टरी दोन-चारशे किलो. शेतकऱ्याने हिशेब केला आणि बहुतेक ठिकाणी पाठ फिरवली. त्याचे चुकले असे मला वाटत नाही. वाढलेल्या ओलीचा लाभ उठवील असे बियाणे, बांधासाठी भांडवल आणि पीक बुडाले तर हात देणारा कुणी तरी, हे तिन्ही एकत्र कधी आलेच नाही. मोजणारे एका खात्यात, बियाणेवाले दुसऱ्या खात्यात, पैसा तिसरीकडे.

बियाणे निघाले नव्हते असे नाही. १९३० च्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून एम ३५-१ हा वाण निवडला गेला. आज जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही रब्बी ज्वारीचा नवा वाण काढला की त्याची तुलना याच जुन्या वाणाशी होते, आणि मंगळवेढ्यापासून विजापूरपर्यंतचा शेतकरी अजून तो पेरतो. याला त्या निवडीची थोरवी म्हणा. मी मात्र याकडे आपल्या खर्चाच्या पत्रकासारखे पाहतो. नव्वद वर्षांत आपण या पिकावर पुरेसा पैसा लावला असता तर म्हातारबुवा केव्हाच निवृत्त झाले असते.

शेजारी पाहा. सोलापूरच्या आदल्याच वर्षी, १९३२ मध्ये, पाडेगावला उसाचे संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे उसामागे कारखाने आले, आणि १९७५ मध्ये सहकारी कारखान्यांनी स्वतःची संशोधन संस्था काढली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. गाळलेल्या प्रत्येक टनामागे ठरावीक वर्गणी संस्थेला मिळते. द्राक्षवाल्यांचाही संघ आहे, वर्गणी आहे, स्वतःची धावपळ आहे. ज्या पिकाला कारखान्याचे धुराडे किंवा निर्यातीचा कंटेनर मिळाला, त्याला संशोधनाचा पैसा मिळाला. ज्वारी, तूर, करडई यांना टनामागे वर्गणी देणार कोण? तिथे सरकारच हवे, आणि सरकारकडे पाहावे तर काय दिसते? केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात कृषी संशोधन व शिक्षण विभागाला दहा हजार कोटींच्याही आत रक्कम आणि खतांच्या अनुदानाला १ लाख ६४ हजार कोटी. त्या दहा हजारांतला मोठा भाग पगार-निवृत्तिवेतनात जातो. शेतीच्या उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्चावा, हे मी विद्यार्थी असल्यापासून ऐकतो आहे. आपण अजून त्याच्या निम्म्याच्या आसपास घोटाळतो.

मग बाहेरचा पैसा. तो आपल्याला नवा नाही. १९०५ मध्ये बिहारातल्या पुसाला संशोधन संस्था उभी राहिली ती हेन्री फिप्स या अमेरिकी धनिकाने कर्झनला दिलेल्या ३०,००० पौंडांच्या आधारावर. १९७० मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला तो कॅनडाच्या मदतीने. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्था १९७२ पासून देणगीदार देशांच्या वर्गणीवर चालते. ही सगळी मदत होती. आता ज्याला हवामान निधी म्हणतात तो पाहू.

२००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी वचन दिले: २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर. वचन पुरे झाले २०२२ मध्ये, दोन वर्षे उशिरा, आणि तेही त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाने. त्यात सरकारी पैशाचा जो भाग होता, त्यातले सुमारे ७० टक्के कर्ज. परत करायचे, बहुतेक वेळा व्याजासह. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी त्या सगळ्यातला तिसरा हिस्साही नाही. बाकीचा ओघ मुख्यतः वीज आणि वाहतुकीकडे, कारण तिथे परतफेडीला उत्पन्न असते. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. भारताच्या प्रतिनिधीने तिथेच उभे राहून तो नाकारला. मला ते योग्य वाटले. पण दिल्लीने बाकूत जो प्रश्न विचारला तोच आपण दिल्लीला आणि मुंबईला विचारायला हवा. आपण २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय अनुकूलन निधी काढला, दोन वर्षांसाठी ३५० कोटी. २०२२ मध्ये तो ‘योजना’ या यादीतूनच वगळला गेला. परदेशी कंजूषपणावर बोलताना हे आठवणीत असावे.

महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पोकरा, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८ मध्ये जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचे कर्ज दिले, राज्याने आपला वाटा घातला, आणि मराठवाडा-विदर्भासह १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांत काम सुरू झाले. अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टाही त्यात आला. शेततळी, ठिबक, शेडनेट, थेट खात्यात अनुदान. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी मुंबईच्या आयआयटीची मदत घेतली, हे मला सर्वांत आवडले. आता दुसरा टप्पा आला आहे.

या प्रकल्पात सोयाबीनसाठी रुंद सरी-वरंबा पद्धतीचा आग्रह धरला गेला. पाऊस कमी झाला तर सरीत ओल टिकते, धो-धो झाला तर सरीतून पाणी निघून जाते, आणि वरंब्यावरचे पीक दोन्ही वेळा तग धरते. पण हे तंत्र आले कुठून? इक्रिसॅटच्या काळ्या जमिनीवरच्या प्रयोगांतून, १९७० च्या दशकात, बैलांनी ओढायच्या अवजारासह. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आणि हैदराबादच्या कोरडवाहू संस्थेत त्यासाठी ट्रॅक्टरची पेरणी यंत्रे घडली. म्हणजे २०१८ मध्ये ज्याच्यावर कर्ज काढले ते पिकून तयार व्हायला चाळीस वर्षे लागली होती. आज आपण जो हवामान निधी खर्च करतो तो आजोबांनी लावलेल्या झाडाची फळे विकण्यासाठी. नवे झाड कोण लावते आहे?

प्रकल्पाचा काळ पाच-सहा वर्षांचा, अनेकदा तीनच वर्षांचा. अशा एका प्रकल्पात मी होतो, नाव सांगत नाही. दुष्काळात तग धरणाऱ्या पद्धती तपासायच्या होत्या. आमचे दुर्दैव असे की प्रकल्पाच्या काळात पाऊस छान झाला. अहवाल गुळगुळीत निघाला, समारोप झाला, प्रक्षेत्रावरचे मजूर कमी केले, पर्जन्यमापक गंजू लागला. त्यानंतरच्या हंगामात दुष्काळ पडला. आमच्या प्रयोगाची खरी परीक्षा तेव्हा होती आणि नोंदवही उघडायला माणूस नव्हता. निधी देणाऱ्यांच्या लेखी तो प्रकल्प यशस्वी झाला, कारण पैसा वेळेत खर्च झाला होता.

इंग्लंडमधल्या रोथमस्टेडला गव्हाचा एक प्रयोग १८४३ पासून त्याच शेतात चालू आहे. जॉन लॉज या खतकारखानदाराने तो सुरू केला आणि १८८९ मध्ये एक लाख पौंडांचा विश्वस्त निधी मागे ठेवला. आपल्याकडे कोइम्बतूरला खतांचा एक प्रयोग १९०९ पासून चालू आहे. हवामान खरेच बदलले की तो आपल्या मनाचा भास, हे सांगण्याचा अधिकार अशा शेतांना असतो. सोलापूर आणि विजापूरला अशी नव्वद वर्षांची अखंड नोंद हवी होती. १९३३ पासून ती शक्य होती.

पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा स्वतःच शोधले होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, वि. स. पागे यांची ती कल्पना. पुढे १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबईतल्या पगारदाराच्या पाकिटातून काही रुपये कापले जाऊ लागले आणि तेवढीच भर सरकारने घातली. त्यातून खडी फुटली हे खरे, पण पाझर तलाव आणि नालाबांधही झाले. शहराने दुष्काळासाठी नियमाने, दरमहा दिलेला तो पैसा होता. बाकू-कोपनहेगनची भाषा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. तुमच्यातल्या बहुतेकांच्या पगारातून कर्नाटक सरकारही व्यवसाय कर कापते. पगाराच्या चिठ्ठीत बघा, दोनशे रुपये.

क्योटो करारातल्या अनुकूलन निधीची मूळ तरतूद अशी होती की कार्बनच्या व्यवहारांतून निघणाऱ्या पतपत्रांतले दोन टक्के आपोआप त्यात जमा व्हावेत. कुणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. पुढे कार्बनचा बाजार कोसळला आणि निधी रोडावला. पण आपोआप कापण्याची ती रीत चांगली होती. म्हणून माझी सूचना अशी आहे: महाराष्ट्राने किंवा कर्नाटकाने हवामानाच्या नावावर जे कर्ज वा अनुदान घ्यावे, त्यातले दोन टक्के सुरुवातीलाच बाजूला काढावेत आणि ज्या जिल्ह्यात पैसा खर्च होणार त्या जिल्ह्याच्या संशोधन केंद्रासाठी कायम ठेव म्हणून गुंतवावेत. मुदत नाही, वापर-प्रमाणपत्राची मार्चची घाई नाही. फक्त व्याज खर्चायचे: एक कृषिविद्यावेत्ता, एक निरीक्षक, मजूर आणि चालू स्थितीतली उपकरणे. पोकराच्या पहिल्या कर्जातून ८४ लाख डॉलर निघाले असते. पंधरा जिल्ह्यांना वाटून पाहा.

यावर शास्त्रज्ञांनाही एक गोष्ट ऐकवतो. ठेव मिळाली तर नोंदी खुल्या ठेवाव्या लागतील, मराठीत आणि कन्नडमध्ये. सोलापूरचा आकडा विजापूरच्या शेतकऱ्याला मिळायला इंग्रजी नियतकालिकाची वर्गणी भरावी लागू नये.

आणि इथल्या कंपन्यांतल्या मित्रांनो, सामाजिक दायित्वाचे दोन टक्के तुम्ही दरवर्षी खर्च करताच. सार्वजनिक विद्यापीठांना आणि कृषी अनुसंधान परिषदेला संशोधनासाठी दिलेली रक्कम त्यात कायद्याने धरली जाते. शाळेच्या भिंती रंगवून झाल्या असतील तर यंदा एखाद्या कोरडवाहू केंद्राची हवामान वेधशाळा आणि तिथल्या निरीक्षकाचा पगार उचला, आणि उचललात तर दहा वर्षे सोडू नका. कर्जातल्या दोन टक्क्यांचा ठराव आज दुपारच्या सत्रात मांडला जाईल. तो एकमताने मंजूर करून दोन्ही राज्यांच्या कृषिमंत्र्यांकडे पाठवावा, एवढी माझी विनंती आहे.