पाळणा, कॉट आणि खालची गादी



आपल्याकडे बाळाच्या प्रत्येक पावलाला काही ना काही सोहळा आहे. बाराव्या दिवशी बारसं, मग कान टोचणं, उष्टावण, जावळ, पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण. पाळण्यात घालण्याचं कौतुक तर विचारूच नका. पुण्याच्या तुळशीबागेतल्या राममंदिरात रामनवमीला भर दुपारी बारा वाजता पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि घरी लेकरं नातवंडं वाढवून मोठी केलेल्या आज्यासुद्धा त्या दोरीला हात लावायला पुढे सरसावतात. पण मूल पाळण्यातून बाहेर पडतं, त्या दिवसाला मात्र ना मुहूर्त, ना ओवाळणं. तो दिवस कुणाच्या लक्षातही राहत नाही.

याचं कारण आपल्या जुन्या घरांत आहे. पेठांमधल्या वाड्यांत बिऱ्हाडं दोन-दोन खोल्यांची. रात्रीची जेवणं आटोपली, झाकपाक झाली की ओळीनं गाद्या पडायच्या. मूल पालथं पडायला, सरकायला लागलं की पाळण्यातून त्या गादीवर आईशेजारी यायचं. पुढचं भावंड झालं की आजीच्या कुशीत जायचं. झोपेत लोळत लोळत काकाच्या गादीवर पोचलं, तरी सकाळी कुणीतरी उचलून आणायचं. पडायला उंचीच नव्हती. त्यामुळे ‘मुलाला आता झोपवायचं कुठे’ असा प्रश्न त्या आयांना कधी पडला नाही.

आज तो पडतो. वाकड, बाणेर, खराडी, आंबेगाव, कुठल्याही भागातल्या फ्लॅटमध्ये जा. बॉक्सचा पलंग, त्यावर जाड गादी, म्हणजे जमिनीपासून जवळजवळ दोन फूट उंची. त्याला लागून बाळाची कठड्याची कॉट. मूल दीड-दोन वर्षांचं होतं आणि एक दिवस त्या कठड्यावर पाय टाकतं. मी बालवाडीत शिकवते. मुलांना सोडायला आलेले आईबाबा हा प्रश्न मला दारातच विचारतात. ताई, कॉटमधून पलंगावर कधी न्यायचं? दोन वर्षांचा झाला की न्यायचं ना?

माझं उत्तर असं आहे की वयाचा आकडा धरून बसू नका, मूल काय करतंय ते बघा. आणि न्यायचं ठरलं की पलंगावर नेण्याची घाई करू नका, आधी खाली गादीवर न्या.

पाळण्याचं आधी सांगते. पाळणा लाकडी असो, बांबूचा असो, नाहीतर लोखंडी स्टँडवरचा. बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागलं, कुशीवर वळायला लागलं की पाळण्याची मुदत संपली. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात हे होतं. मूल त्यात मावतंय, झोपतंय, म्हणून वर्षभर पाळणा चालू ठेवू नये. साडीच्या झोळीबद्दल तर मी हात जोडून सांगते. तान्ह्या बाळाला झोळीत शांत झोप लागते, हे खरं. पण बाळ मोठं झालं, तरी झोळी तशीच टांगलेली राहते आणि चार-पाच वर्षांची भावंडं त्यात गिरक्या घेऊन खेळतात. कापडाला पीळ बसतो, तो गळ्याभोवती येतो आणि शेजारच्या खोलीत असलेल्या माणसालाही कळत नाही. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. झोळीचं काम संपलं, की ती त्याच दिवशी सोडून घडी घालून ठेवा.

आता कॉट. कॉटची गादी सगळ्यात खालच्या खाचेवर बसवलेली असावी. मूल उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीच्या खाली येऊ लागला, तर तो आता ओलांडता येतो असं समजा. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ यासाठी मुलाची पस्तीस इंचांची, म्हणजे ८९ सेंटीमीटरची उंची धरतात. काही मुलं त्याआधीच चढतात, काही तीन वर्षांची झाली तरी चढत नाहीत. दीड ते साडेतीन वर्षं एवढा मोठा टप्पा आहे हा. मूल चढत नसेल, आत सुखानं झोपत असेल, तर शेजारणीचा मुलगा पलंगावर झोपतो म्हणून आपल्याला उठाठेव करायचं कारण नाही. चढायला लागलं मात्र, की पडण्याची वाट पाहू नये. कॉटमध्ये मोठी खेळणी, लोड, उशा ठेवू नका. मुलं त्यांची पायरी करतात.

पुण्यात एक कॉट नात्यातल्या चार-पाच मुलांत फिरते. मावसबहिणीकडून आली, पुढे दिरांकडे जाणार. चांगली पद्धत आहे, वस्तू वाया जात नाही. फक्त घेताना बोटांनी तपासून घ्या. दोन गजांमधली फट सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. एका बाजूचा कठडा खाली सरकवता येतो अशी जुनी कॉट असेल, तर ती घेऊ नका. तो कठडा निसटून मुलं अडकल्यामुळे अमेरिकेत जून २०११ पासून तशा कॉट विकायला बंदी आहे.

खालच्या गादीचा माझा आग्रह नुसत्या जुन्या आठवणीतून आलेला नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर सुरू केलं. पुढे १९३६ मध्ये त्यांचं बालपणाच्या रहस्यावरचं पुस्तक आलं. कठड्याच्या उंच पलंगाला त्यांचा कडाडून विरोध होता. मुलाला झोप आली की स्वतः जाऊन आडवं होता यावं, जाग आली की स्वतः उठता यावं, एवढं अंथरूण जमिनीलगत असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठ्यांच्या सोयीसाठी मुलाला बंद करून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. हे त्या युरोपातल्या आयांना सांगत होत्या, त्या काळात आपल्याकडे लाखो मुलं जमिनीवरच्या अंथरुणातच झोपत होती.

बालशिक्षणाचा हा विचार महाराष्ट्रात रुजवला ताराबाई मोडकांनी. १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांच्या सोबतीनं त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला, पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत बालवाडी नेली. माँटेसरींची महागडी साधनं त्यांनी जशीच्या तशी उचलली नाहीत. बिया, खडे, पानं, आजूबाजूला जे मिळेल त्यातून साधनं केली. आज माँटेसरींच्या नावानं घराच्या आकाराचे लाकडी पलंग हजारो रुपयांना विकले जातात. ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्यावेत. पण कापसाची एक गादी आणि खाली सतरंजी, यात मुलाचं काहीही कमी पडत नाही, हे मी पूर्ण विश्वासानं सांगते.

गादीला जपावं मात्र लागतं. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा काही रात्री दहा अंशांच्या खाली जातो आणि फरशी गारठते. तेव्हा गादीखाली चटई आणि जाड सतरंजी, दोन्ही हवं. पावसाळ्यात गादी रोज सकाळी उचलून भिंतीला उभी करा, नाहीतर खालून ओल धरते. ऊन मिळेल तेव्हा गच्चीत टाका. कॉटची छोटी मच्छरदाणी आता पुरणार नाही, तेव्हा मोठी बांधा आणि ती दुपारच्या झोपेलाही लावा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

पलंगावरच झोपवायचं असेल, तर पलंग आणि भिंत यांच्यामध्ये फट ठेवू नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी पलंगाला लावायचे सुटे कठडेही नकोत. गादी आणि कठडा यांच्यामध्ये लहान मूल अडकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूल कॉटबाहेर आलं म्हणजे अख्खं घर त्याचं झालं. आजवर ते रात्री जागं झालं की रडायचं आणि तुम्ही उठायचात. आता ते न रडता उठून चालू लागेल. तुम्ही दिवसभराच्या कामानं दमून गाढ झोपलेले असाल. आपल्या शहरात अजून बऱ्याच भागांत पाणी ठरावीक वेळेला येतं, म्हणून बाथरूममध्ये भरलेल्या बादल्या, पिंपं असतात. दीड-दोन वर्षांचं मूल बादलीत वाकलं, तर त्याच्या डोक्याच्या वजनानं ते आत जातं आणि त्याला मागे येता येत नाही. अर्धी बादली पाणी जीव घ्यायला पुरतं. बाथरूमच्या दाराला बाहेरून, मोठ्यांच्याच हाताला येईल अशी वर कडी बसवून घ्या. पाणी साठवायचं तर झाकणाच्या पिंपात साठवा.

खिडकीखाली मुलाचं अंथरूण नको, आणि खिडकीला ग्रिल असलंच पाहिजे. बाल्कनीच्या दाराजवळ खुर्ची, स्टूल, कुंडी ठेवू नका. कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला पक्की करून घ्या. मूल खण उघडून त्यावर पाय देतं आणि कपाट अंगावर येतं. सुताराचं तासाभराचं काम आहे. मुलाच्या उंचीवर बसून, गुडघ्यांवर रांगून एकदा घर बघा. आपल्याला कधी न दिसलेल्या वायरी, टोकं, गोळ्यांच्या बाटल्या तिथून दिसतात.

दुसरं बाळ येणार असेल, तेव्हा तर फारच जपून. बहुतेक घरांत कॉट रिकामी हवी म्हणून मोठ्याला हलवतात आणि नेमकं बाळंतपणाच्या आठवड्यात हलवतात. आई दवाखान्यात, घरात पाहुणे, आणि मूल बघतं तर आपल्या जागी दुसरंच कुणीतरी! त्या मुलानं रडू नये तर काय करावं? हलवायचं असेल, तर दोन-तीन महिने आधी हलवा, म्हणजे नवी जागा त्याची होईल. ते जमलं नाही, तर बाळाला काही महिने दुसरीकडे झोपवा. ‘तुझी कॉट आता बाळाची’ हे वाक्य तर कुणीच, कौतुकानंसुद्धा, त्याच्यासमोर बोलू नये.

नवी जागा झोपायला दिली, तरी बाकी सगळं जुनंच राहू द्या. तीच आजीच्या लुगड्याची गोधडी, तीच अंगाई, तोच मंद दिवा. सुरुवात दुपारच्या झोपेपासून करा. रात्री उठून आलं, तर दिवे लावू नका, रागावू नका, गप्पाही मारू नका. हात धरून परत न्या आणि शेजारी बसा. पहिले काही दिवस हे पुन्हा पुन्हा करावं लागेल. मूल फारच बावरलं आणि अजून कठडा चढत नसेल, तर महिनाभर थांबून परत बघा. त्यात हार-जीत काही नाही.

स्वतंत्र खोलीचं काय, असंही विचारतात. फ्लॅटमध्ये एक खोली मुलांची म्हणून रंगवलेली असते, भिंतीवर चांदण्या चिकटवलेल्या असतात, म्हणून तीन वर्षांच्या मुलाला तिथे एकटं झोपवलंच पाहिजे असं नाही. जपानमध्ये आणि आपल्या देशात मुलं पिढ्यान्‌पिढ्या आईवडिलांच्या खोलीत झोपत आली. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त वर्षाच्या आतलं बाळ खोलीत जवळ असावं, पण त्याचं अंथरूण वेगळं, घट्ट आणि उशी-रजईविना असावं.

मला खरी काळजी आहे ती झोपेच्या वेळेची. झोपेच्या अभ्यासक जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह सतरा देश-प्रदेशांतल्या २९,२८७ लहान मुलांच्या झोपेची पाहणी केली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमधली मुलं सरासरी साडेसातच्या सुमाराला झोपत होती, हाँगकाँगमधली सव्वादहानंतर. आपल्याकडे हिंजवडीहून आईबाबा घरी पोचतात तेव्हाच साडेआठ-नऊ झालेले असतात. मुलाला त्यांच्याशी खेळायचं असतं, त्यांनाही मुलाला जवळ घ्यायचं असतं. अकरा वाजतात. सकाळी पाळणाघराची गाडी किंवा बालवाडीची वेळ काही पुढे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३. माझ्या वर्गात सकाळी डोळे चोळत, चिडचिडत येणारी मुलं हट्टी नसतात. त्यांची झोप झालेली नसते. त्यांना कितीही सुंदर पलंग आणून दिला, तरी तो प्रश्न सुटत नाही. शक्य त्या घरांत आजीआजोबांनी मुलाला वेळेवर झोपवावं, आणि आईबाबांनी आपला खेळण्याचा वेळ सकाळी ठेवावा. दोघांपैकी एकाला तरी आठवड्यातून काही दिवस लवकर निघता येत असेल, तर साहेबांकडे ते मागून घ्यावं. मागायला संकोच वाटू देऊ नका.

आणि एक. मूल पडलंच, तर घाबरून जाऊ नका. पण उलट्या झाल्या, गुंगी आली, झटका आला, काही क्षण शुद्ध हरपली, किंवा मूल नेहमीसारखं वागत नाहीसं वाटलं, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.

तुमच्या घरी कठड्यावर पाय टाकणारं मूल असेल, तर आज झोपण्यापूर्वी बाथरूममधल्या उघड्या बादल्या रिकाम्या करा आणि उद्या सुताराला बोलावून दाराला वरची कडी लावून घ्या. गादी परवा आणली तरी चालेल.