मुक्काम आधी, गाडी नंतर

रेडिओ लावून भाकरी थापत असाल तर थापत थापत ऐका. आज आपण बोलणार आहोत सहलीबद्दल. सहलीतल्या देवदर्शनाबद्दल नाही, तर रात्रीच्या मुक्कामाबद्दल.

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की गटाच्या बैठकीत कुणीतरी विषय काढतंच, "आपण सगळ्या मिळून कुठं तरी जाऊ या." मग गाडी ठरते. कोणकोणते देव करायचे ते ठरतं. चटण्या कुणी करायच्या, दशम्या कुणी आणायच्या, तेही ठरतं. राहायचं कुठं, हे मात्र गाडीत बसल्यावर ठरतं. सुट्टीच्या दिवसांत भक्तनिवासं भरलेली असतात, लॉज परवडत नाही. मग कुणी म्हणतं, मैदानात तंबू मिळतात, तिथं राहू.

तंबूतला मुक्काम आता सगळीकडे निघालाय. पवना धरणाच्या काठी, भंडारदऱ्याला, कोकणात समुद्राजवळ तंबूंच्या रांगा दिसतात. काही लोक तर घरच बरोबर घेऊन फिरतात. मोठी गाडी, तिच्यात पलंग, ओटा, संडास. तिला कॅरावॅन म्हणतात. अमेरिकेत अशा गाड्यांसाठी रस्त्याकडेला वेगळी मैदानं असतात. गाडी लावायला आखलेली जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि घाण पाणी सोडायची सोय, एवढं सगळं तिथं भाड्यात मिळतं. आपल्या राज्यानंही कॅरावॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये केलं. ती गाडी आपल्याला परवडणारी नाही, ते सोडून देऊ. पण त्या मैदानाची यादी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सपाट जागा, उजेड, पाणी, संडास. परदेशातला श्रीमंत माणूससुद्धा रात्री थांबताना हेच चार शब्द विचारतो.

आणि आपल्याला हे नवीन थोडंच आहे! आळंदीहून पंढरपूरला माउलींची पालखी जाते. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी, रोज नवा तळ. वारकरी चालत असतात तेव्हा दिंडीचा ट्रक पुढं गेलेला असतो. माणसं पोचायच्या आत राहुट्या उभ्या, टँकर लागलेला, चूल पेटलेली. कोणत्या राहुटीत कोण, हे ठरलेलं. लाखो माणसं असे तळ टाकत टाकत जातात, कारण मुक्कामाचा विचार निघायच्या कितीतरी आधी झालेला असतो. आपल्या पंधरा-वीस जणींच्या सहलीला तेवढीच शिस्त पुरते.

दुसरीही एक बाजू आहे. आपल्यातल्या कितीतरी बहिणी ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने कोपीत राहतात. त्यांना उघड्यावरच्या मुक्कामाची हौस सांगायला जाऊ नका. आंघोळीला आडोसा नाही, रात्री बाहेर जायचं तर काळोख, म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून आमच्या गटात जागेबद्दल विचारायचं काम आम्ही मुद्दाम ऊसतोडीला गेलेल्या दोघींना दिलं. त्यांच्यासारखी पारख कुणाला नाही.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला संडासाचा. आपण बाया प्रवासात काय करतो? सकाळपासून पाणीच पीत नाही. जायला जागा नाही, म्हणून घोटभर पाण्यावर दिवस काढतो. त्यानं लघवीला जळजळ होते, ताप येतो, उन्हाची भोवळ येते. वय झालेल्या आणि साखरेचा आजार असलेल्या बायांना तर फार जड जातं. सहलीचा आनंद नको, पण दुखणं आवर, अशी गत होते. तेव्हा जागा ठरवताना फोनवर नीट विचारायचं. संडास किती? फक्त बायांसाठी किती? दाराला आतून कडी आहे का? दिवा आहे का? पाणी नळाला येतं की भरून ठेवावं लागतं? तंबूपासून किती पावलांवर? पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का? विचारायला लाजायचं नाही. आपण पैसे देणार आहोत. आणि फोटो मागवायचा, तो तंबूचा नको, संडासाचा मागवायचा.

एका तलावाकाठच्या जागी आम्हाला सांगितलं होतं, संडास तीन आहेत. पोचलो तर दोनांना कुलूप. आमच्या त्या दोघी आधी उतरल्या, फिरून बघून आल्या आणि म्हणाल्या, "गाठोडी उतरवू नका." मालक म्हणाला, एवढ्यानं काय अडतंय? आम्ही म्हटलं, अडतंय, दादा. किल्ली येईपर्यंत आम्ही गाडीत बसतो. पंधरा मिनिटांत किल्ली आली. सामान एकदा उतरलं, की आपलं बोलणं कुणी ऐकत नाही. म्हणून हा नियम लिहून ठेवा. आधी बघायचं, मग उतरवायचं.

वाटेतलीही सोय बघा. डिझेल भरायला थांबता, त्या पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि चाकात भरायची हवा फुकट मिळायला हवी. तेव्हा डिझेल कुठं भरायचं, हे ड्रायव्हरदादाबरोबर आपणही ठरवायचं. दर दोन-अडीच तासांनी थांबा, आणि पाणी पोटभर प्या.

आता जागा कशी बघायची? दिवस मावळायच्या आत पोचा, म्हणजे जमीन दिसते. ओढ्याच्या पात्रात किंवा धरणाच्या खालच्या बाजूला नदीकाठी तंबू नको. वर पाऊस झाला किंवा पाणी सोडलं, की खाली कळायला वेळ मिळत नाही. वाळक्या फांदीखाली नको. वळवाचे दिवस असतील आणि आभाळ गडगडायला लागलं, तर तंबूत थांबायचं नाही, झाडाखाली तर मुळीच नाही. पक्क्या इमारतीत जा, नाहीतर पत्र्याच्या बंद गाडीत काचा लावून बसा. तलावात पाय धुवायला म्हणूनही कुणी एकटी उतरायची नाही. धरणाचा काठ दिसतो तसा नसतो.

जमिनीवर झोपायचं असेल तर विंचू-काट्याची काळजी हवीच. मण्यार रात्री फिरते आणि झोपेतल्या माणसाला चावते. पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. तंबूची चेन पूर्ण लावा. मच्छरदाणी असेल तर तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. चप्पल झटकून घाला, बाहेर जाताना बॅटरी घ्या. खाण्याचं खरकटं तंबूजवळ टाकू नका, खरकट्याला उंदीर येतो आणि उंदरामागं साप. कुणाला चावलंच तर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते. म्हणून मुक्कामाच्या जागेजवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे, हे निघायच्या आधीच कागदावर लिहून घ्या.

एक गोष्ट जरा मोठ्यानं सांगतो. थंडी वाजते म्हणून तंबूत कोळशाची शेगडी ठेवून कुणीही झोपायचं नाही. कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपलं तरी हाच धोका. शेकायचं तर बाहेर शेका, विस्तव पाण्यानं विझवा आणि मग आत जा. गोधडी एक जास्त घ्या. स्वयंपाकही तंबूच्या बाहेर, लांबवर. दिंडीत चूल राहुटीपासून वेगळी असते, ती उगीच नाही.

गाडीचं दोन शब्दांत सांगतो. मालाच्या टेम्पोत किंवा ट्रॉलीत बसून जायचं नाही. ते कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायला मारामार होते. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची असावी. एसटीची अख्खी गाडीसुद्धा ठरवून मिळते, त्याला प्रासंगिक करार म्हणतात. आगारात जाऊन चौकशी करा. आणि ड्रायव्हरदादाला झोपायला अंथरूण द्या! सगळ्यांच्या झोपेची सोय होते आणि तो बिचारा डास मारत सीटवर रात्र काढतो. दुसऱ्या दिवशी आपले जीव त्याच्याच हातात असतात. त्याची जागाही आधी ठरवा, आणि रात्री दहानंतर गाडी चालवायला लावू नका.

आता पैशाचं. गटाची बचत आणि अंतर्गत कर्जाची रक्कम सहलीला वापरायची नाही. ज्या ताईला बियाण्यासाठी, पोराच्या फीसाठी कर्ज हवंय, तिच्या तोंडचा घास तो. सहलीची वर्गणी वेगळी, वही वेगळी. महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाला बाराशे होतात. वर्गणी कितीची, आणि जिला जायचं नाही तिचे पैसे परत कसे, याचा ठराव आधी लिहा. जागेचे सगळे पैसे आधी पाठवू नका. थोडा विसार द्या, पावती घ्या, बाकीचे बघून. मोबाइलवर खोट्या जाहिराती फार असतात. त्या गावातल्या गटाच्या बायांकडून, ग्रामसंघाकडून खात्री करून घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा.

राखणीसाठी आमची पद्धत सोपी आहे. प्रत्येकीची एक जोडीदारीण. रात्री उठायचं तर जोडीनं. झोपताना आणि गाडी सुटताना मोजदाद, तीही नाव घेऊन. शेजारच्या तंबूत दारू, गाणी चालणार का, हे आधीच विचारायचं, आणि कुटुंबांसाठी वेगळा भाग आहे का, तेही. कुणी त्रास दिला तर ११२ पोलिसांचा नंबर आहे, १८१ महिलांच्या मदतीचा. दोन्ही नंबर प्रत्येकीच्या पदराला बांधलेल्या चिठ्ठीवर हवेत, कारण ऐन वेळी मोबाइलची बॅटरी संपते.

एवढी सगळी उस्तवार करून जायचंच कशाला, असं घरचे विचारतात. आपणही विचारतो. आमच्या गटात एक मावशी आहेत, साठी उलटलेली. त्या म्हणाल्या, "माहेर, सासर आणि लेकीच्या बाळंतपणाला दवाखाना, या तीन जागा सोडून मी कुठं झोपलेली नाही." तलावाकाठी सकाळी त्या सवयीनं पाचला उठल्या आणि चूल शोधायला लागल्या. आम्ही त्यांना बसवलं आणि चहा त्यांच्या हातात नेऊन दिला. त्या कपाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "उठल्यावर आयता चहा मला पहिल्यांदाच मिळाला गं." यावर आणखी काय बोलणार? वर्षातून एक रात्र तरी अशी प्रत्येकीला मिळावी. आणि ती सुखाची जावी, तिनं रात्रभर कडी नसलेल्या दाराची धास्ती घेऊ नये, म्हणूनच तर ही सगळी विचारपूस.

जाता जाता आणखी एक. पाहुणी म्हणून राहून आलं, की यजमानाचं काम समजतं. आपल्या गावाजवळ गड असेल, धरण असेल, देवस्थान असेल, तर अशी जागा आपला गटही चालवू शकतो. राज्य सरकारनं २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटनाच्या व्यवसायासाठी महिलेनं बँकेकडून घेतलेल्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळायची तरतूद आहे. नियम आणि कागदपत्रं पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात विचारा. तंबू विकत घ्यायची घाई करू नका. आधी दोन चांगले संडास, पाण्याची टाकी आणि दिवे. त्या जागी मुक्कामाला बाया बिनधास्त येतील, आणि ज्या जागी बाया बिनधास्त राहतात तिथं अख्खं कुटुंब येतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला, की गाडीच्या आधी मुक्काम ठरवा. दोघी जणींना विचारपुशीचं काम द्या. वहीच्या एका पानावर लिहा: संडास, कडी, दिवा, पाणी, दवाखाना, ड्रायव्हरची जागा, पावती. सातही गोष्टींपुढं खूण झाली, की खुशाल निघा. चटणी-दशम्या तर आपण नेणारच आहोत.

रामराम. सुखरूप जा, सुखरूप या.