पडवीतली मोठी लिली : ऐन हिवाळ्यात फूल



लावणी आटोपली, बेणणी चालू आहे. अशा दिवसांत फुलझाडाची गोष्ट काढली म्हणून हसू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर धरायला सहा-सात वर्षे जातात. घरच्या बायामाणसांना चार पैशांची जोड कशी मिळेल, असे तेव्हापासून पुष्कळजण विचारतात. दिवाळीनंतर म्हसळ्यावरून दिवेआगर-श्रीवर्धनकडे पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात. त्या वेळी ओट्यावर वीतभर रुंदीची लाल फुले उमललेली कुंडी असेल, तर गिऱ्हाईक मिळू शकेल. मात्र ही जोड आहे, पीक नव्हे. पहिल्या वर्षी दहा-बारा कांद्यांपलीकडे जाऊ नका.

ही मोठी लिली, म्हणजे अमरिलिस, मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडे ती आपल्या मनाने उन्हाळ्यात फुलते. हिवाळ्यात फूल हवे असेल तर कांद्याला आधी झोपवावे लागते. हॉलंडात कांदे आठ-दहा आठवडे थंड कोठारात ठेवतात. आपल्याकडे तशी थंडी कुठली? आपण पाणी तोडून झोपवायचे. पण आपला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यामुळे अंगणातला कांदा झोपत तर नाहीच, उलट कुजतो.

म्हणून नारळी पौर्णिमेला कुंडी पडवीत घ्यावी आणि पाणी पूर्ण बंद करावे. पाने पिवळी पडतील, पडू द्यावीत. मी पहिल्या वर्षी दया येऊन तांब्याभर पाणी घातले आणि दोन कांदे नासवले. पाने वाळली की कापून कांदा काढावा, माती झटकावी, मुळे तोडू नयेत. वारा खेळेल अशा कोरड्या जागी, टोपलीत एकेरी थराने ठेवावा, चुलीजवळ नको. नारळी पौर्णिमा ते दिवाळी हे अडीच महिने विश्रांतीला पुरतात. मधे अधिक महिना आला तर मात्र सण न धरता ७५ दिवस मोजावेत.

दिवाळीत लावणी करावी. कांदा मोठा, घट्ट, मुठीत न मावणारा निवडावा. लहान कांदा नुसती पाने देतो. कुंडी कांद्यापेक्षा चार बोटे रुंद, तळाला भोक असलेली घ्यावी. तांबडी माती, नदीची भरड वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत सारखे मिसळावे. समुद्राची पुळण अजिबात वापरू नये, तिच्यात खार असतो. कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा मातीच्या वर राहिला पाहिजे. एकदा भरपूर पाणी द्यावे, मग कोंब दिसेपर्यंत अगदी बेताने. सकाळचे ऊन येईल अशा ओटीवर कुंडी ठेवली तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत फूल येते. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून कुंडी रोज थोडी फिरवावी. सगळेच कांदे डिसेंबरात फुलतील असे मात्र नाही. काही हट्टी कांदे उन्हाळ्याचीच वाट पाहतात. म्हणून कुंडीत कळी दिसल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नये.

फूल सुकले की तेवढेच कापावे. पाने राखावीत, कारण पुढच्या वर्षीचे फूल ती पाने कांद्यात साठवतात. श्रावणापर्यंत पाणी, महिन्याला मूठभर शेणखत आणि चिमूटभर राख द्यावी.

आता महत्त्वाचे. हा कांदा विषारी आहे. आमच्या घरी टोपली माळ्यावर जेवणातल्या कांद्याशेजारी राहिली होती. आईने एक कांदा विळीवर धरलाही. चिरताना कांद्याचा वास आला नाही म्हणून ती थांबली. पोटात गेला तर लाळ सुटते, उलट्या-जुलाब होतात. तेव्हा टोपली स्वयंपाकघराबाहेर, पोरांच्या आणि गुरांच्या तोंडापासून दूर टांगावी. कुणी खाल्लाच तर घरगुती उपाय करत न बसता कांद्याचा तुकडा सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली अळी पानांवर येते. ती एका रात्रीत पान फस्त करते. दहा-बारा कुंड्यांना औषध कशाला? सकाळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी, आणि पानाच्या मागे अंडी असतील तर तीही पुसून काढावीत.