ओटीतला एक कपडा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातव्या महिन्यात आपण सुनेची हौसेने ओटी भरतो, हिरवी साडी आणि खण देतो. आतल्या बॉडीचे मात्र कोणी विचारीत नाही. पहिल्या खेपेला मी लाजेपायी जुनीच ओढूनताणून घालीत होते. खांद्यांवर वळ उठले, जीव कोंडे. पण सांगणार कोणाला?

छाती पहिल्या तीन महिन्यांतच भरू लागते, पुढे बरगड्याही रुंदावतात. आपल्या आज्या चोळीची गाठ सैल बांधीत. हुकांच्या बॉडीला ती सोय थोडीच. म्हणून जुने माप विसरा, छातीखालचा घेर टेपने मोजा. कापड सुती, पट्टे रुंद, तार नको. हुकांच्या तीन-चार ओळी असाव्यात. नवी असताना घट्ट ओळीवर बसावी, म्हणजे पुढे सैल करता येते. नववा लागताना पुन्हा मापून पुढून उघडणारी घ्यावी. अंगावर पाजताना तीच उपयोगी पडते. दूध उतरल्यावर कपडा काचला तर दूध साकळून गाठी होतात. गाठ, लाली वा ताप दिसताच दवाखाना गाठा.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. मेबल व डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० साली आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे खेड्यातल्या बेताच्या शिकलेल्या बायका गरोदरपणाची माहिती घरोघर सांगू लागल्या. मग आपणच का लाजावे? पुढच्या ओटीत खणाबरोबर नीट मापाची एक बॉडीही घाला.